किचनला खिडकी आहे का? (ज्वालामुखीच्या पायथ्याशी, ऑर्टिंगला)

आमच्याकडे मुलीचं लग्न ठरवायच्या आधी मुलाकडचं घर बघायला जातात. जातात म्हणजे पुरुष जातात. आमच्या स्वातीच्या वेळी राजुरीतून पाच जण जीप करून घोडेगावला गेले. विहीर बघितली, गोठा बघितला, स्लॅबवर चढून आले, पोहे खाल्ले आणि संध्याकाळी परत येऊन एका सुरात म्हणाले, "घर चांगलं हाय."

मी विचारलं, "किचनला खिडकी आहे का?"

पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. पोह्यांत शेंगदाणे किती होते ते सगळ्यांना आठवत होतं, पण लेक ज्या खोलीत निम्मा जन्म काढणार त्या खोलीत उजेड येतो का, ते एकालाही सांगता येईना. पुढे दोन महिन्यांतच जावई अमोल नोकरीसाठी अमेरिकेला गेला, स्वातीही गेली आणि खिडकीचा प्रश्न लोंबकळत राहिला. मी मात्र तो विसरले नव्हते. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय, अर्धवट उत्तराचे मार्क मी कधी दिले नाहीत.

म्हणून यंदा लेकीचं घर बघायला मी गेले, आणि एकटी गेले.

त्याचं असं झालं. स्वाती, अमोल आणि माझी सात वर्षांची नात ईरा दोन वर्षांपासून सिअ‍ॅटलच्या खाली ऑर्टिंग नावाच्या छोट्या गावात भाड्याने राहतात. घरमालकाला ते घर विकायचं होतं आणि त्याने आधी यांनाच विचारलं. मे संपायच्या आत उत्तर हवं होतं. स्वातीला घर मनापासून आवडलं होतं, पण तिने आमच्यापुढे अट ठेवली, "तुम्ही दोघं हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नाही."

आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, मोबाईलवर ऑर्टिंगची माहिती काढली आणि जेवता जेवता ताट बाजूला सारलं. गावाच्या डोक्यावर रेनियर नावाचा ज्वालामुखी. बाहेरून पांढराशुभ्र बर्फ, आत धग. कधी खवळला किंवा नुसता ढासळला तरी बर्फ, माती, दगड यांचा लोंढा नदीच्या पात्रातून खाली येणार. त्या लोंढ्याला तिकडे लाहार म्हणतात. तो याआधी येऊन गेलाय, आणि त्याने आणून टाकलेल्या चिखलावरच हे गाव वसलंय.

चिखलाखाली गाव जाणं म्हणजे काय, हे आम्हाला व्हिडिओ बघून कळायची गरज नव्हती. दरड कोसळून एका सकाळीत गाडलं गेलेलं माळीण आमच्यापासून दोन-अडीच तासांवर. अमोलचे काका तेव्हा मदतीला गेले होते. परत आल्यावर आठ दिवस त्यांनी कुणाशी एक शब्द काढला नाही. त्यामुळे मालकांची भीती चेष्टेवारी नेण्यासारखी नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझीही नव्हती.

फोनवर मात्र बापलेकीची जुंपली. हे म्हणाले, "डोंगराखाली घर घेतं का कुनी?" ती म्हणाली, "आणि उसात घेतं का कुणी? बिबट्याने गेल्या वर्षी कालवड नेली तुमची. आधी तुम्ही वस्ती सोडून गावात राहायला जा, मग मला डोंगर शिकवा."

तिचंही खोटं नव्हतं. आमचं घर गावाबाहेर, चारी बाजूंनी ऊस. शेजार म्हणावा तर एकच, बांधापलीकडे माझे चुलत दीर नामदेव आणि जाऊ शोभा. पण बांध कुणी किती कोरला यावरून अकरा वर्षं बोलणं बंद. त्यांच्याकडे पाहुणे आले की आम्हाला फक्त मटणाचा वास येतो.

दोघांनी मिळून जाणं शक्यच नव्हतं. आठ गाई, दोन वेळची धार. "तू जा," मालक म्हणाले. "पोरीला भेट, नातीला भेट, आन न्हाय म्हनून ये."

जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी आधी सांगते. राजुरी नगर-कल्याण रस्त्यावरच आहे, त्यामुळे मुंबई विमानतळाला पुण्याकडून वळसा घालायची गरज नाही. आळेफाटा, माळशेज, कल्याण. पहाटे निघालात तर साडेचार तास, उशिरा निघालात तर कल्याणच्या पुढे तुमचं नशीब. मी मुंबईहून आखाती देशात आणि तिथून थेट सिअ‍ॅटल असं गेले. दुसरं विमान चौदा तासांच्या वर आहे. खिडकीची जागा मागू नका. खाली नुसता बर्फ दिसतो आणि शेजारचे दोघं झोपले की आपण अडकतो. तिकीट जाऊन-येऊन सव्वा लाखाच्या आसपास पडलं. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला नेता येतो, मात्र फॉर्मवर लिहा, लपवू नका.

सिअ‍ॅटलच्या अधिकाऱ्याने विचारलं, "कशासाठी आलात?"

"घर बघायला," मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं.

"विकत घेणार?"

"नाही. नुसतं बघणार. बघून नाही म्हणायला नवऱ्याने पाठवलंय."

त्याने माझ्याकडे बघितलं, पासपोर्टकडे बघितलं आणि शिक्का मारून टाकला. बहुतेक त्याचंही लग्न झालं असावं.

विमानतळापासून ऑर्टिंग तासाभरावर आहे. तिथे गाडी पाहिजेच. आपल्यासारखी हात दाखवा नि थांबवा अशी वडाप तिकडे नाही. मोठा रस्ता सोडला की गर्द झाडी, मग दरी रुंद होते आणि शेतं लागतात. काळीभोर भुसभुशीत माती. मी अमोलला गाडी थांबवायला लावून मूठभर हातात घेतली. अशा मातीत कांदा काय झाला असता! तिथे भोपळे, बेऱ्या आणि डॅफोडिलची पिवळी फुलं लावतात. ही माती त्या लाहारनेच आणून टाकलेली. नवीन घरांचे पाये खणताना खाली जुन्या जंगलाचे बुंधे उभेच्या उभे सापडतात, असं अमोलने सांगितल्यावर मी मूठ हळूच झटकली.

गाव म्हणाल तर आळेफाट्याच्या चौकापेक्षा शांत. एक मुख्य रस्ता, मधोमध बाग, दोन-चार खाणावळी, आणि दोन्ही अंगांना दोन नद्या. नद्यांचं पाणी ताकासारखं पांढुरकं, कारण ते थेट हिमनदीतून येतं. जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी चालायचा आणि सायकलचा सुरेख रस्ता केलाय, त्याला पैसे पडत नाहीत, जरूर चाला. कॉफी पाच-सहा डॉलरला मिळते. पहिले आठ दिवस मी प्रत्येक घोट रुपयांत घेतला, नंतर सोडून दिलं, नाहीतर कॉफी गोड लागत नाही.

आणि रस्त्याच्या कडेला जागोजाग निळ्या पाट्या. धुमसता डोंगर आणि पळायची दिशा. आपल्याकडे 'पुढे वळण आहे' लिहितात तितक्याच सहजपणे.

पहिले पाच दिवस डोंगर दिसलाच नाही. पावसाळ्यात भीमाशंकरला गेल्यावर समोरचं देऊळ दिसत नाही, तसं सगळं ढगात. ईरा रोज सकाळी पडदा सारून जाहीर करायची, "आजी, आज डोंगर बाहेर नाही!" जणू तो चहाला गेलाय. तिकडचे लोक तसंच म्हणतात. सहाव्या दिवशी मी ओट्यापाशी चहा टाकत होते आणि सहज मान वर केली. समोरच्या खिडकीत, अख्ख्या खिडकीत, डोंगर बसला होता. एवढा मोठा, एवढा पांढरा, की माझा चहा उतू गेला.

म्हणजे किचनला खिडकी होती. आणि खिडकीत ज्वालामुखी होता. आता याला किती मार्क द्यायचे?

शनिवारी आम्ही त्याच्या अंगाखांद्यावर जाऊन आलो. पॅरडाइज नावाच्या ठिकाणापर्यंत गाडी जाते, दीड-दोन तास लागतात, गाडीमागे तीस डॉलर. मे महिन्यातही डोक्याच्या वर बर्फ होता. पायांत चांगले बूट घाला, मी चपलेवर मोजे घालून गेले आणि दोनदा बसले. वाटेतल्या दुकानात ज्वालामुखीची राख छोट्या बाटलीत विकायला होती. मला हसू आवरेना. आमच्या शेजारच्या बोरीला कुकडीच्या काठी असलीच राख ढिगाने आहे. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा ज्वालामुखीतून फार फार वर्षांपूर्वी उडून आलेली, असं ती बघायला येणारे शास्त्रज्ञ सांगतात. अमोल म्हणाला, "आई, मग आपण बोरीला दुकान टाकू." जावई चांगला आहे, फक्त असल्या कल्पना अमलात आणत नाही, हेच बरं.

आता मंगळवारची गोष्ट. ती सांगायला मला अजूनही थोडी लाज वाटते.

वर्षातून एकदा तिथे सराव असतो. भोंगा वाजतो आणि गाव पायी चालत टेकडीवर जातं. स्वातीने मला आदल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं. "आई, अकरा वाजता भोंगा होईल. बूट घालायचे आणि बाहेर पडायचं. काही बरोबर घ्यायचं नाही. आम्ही ऑफिसातून थेट वर येतो, ईरा शाळेबरोबर चालेल." मी हो हो म्हटलं होतं. फ्रिजवर चिठ्ठीही होती.

अकराला मी भाकरी थापत होते. भोंगा सुरू झाला. आधी खालच्या सुरात, मग चढत चढत गेला, थेट आमच्या राजुरीच्या भोंग्यासारखा.

आमच्याकडे वनखात्याने उसाच्या कडेला भोंगा बसवलाय. बिबट्या फिरकला की तो वाजतो. वाजला की नियम एकच, माणसं आत, जनावरं आत, दार बंद, आणि ताट बडवून आवाज करायचा. हे आता आमच्या अंगात इतकं भिनलंय की विचार करावाच लागत नाही. त्या दिवशी माझं डोकं अमेरिकेत होतं, हातपाय राजुरीत. पिठाच्या हाताने मी मागच्या दाराला कडी घातली, सगळ्या खिडक्या लावल्या, "वासरं आत घेतली का?" असं मोठ्याने ओरडले, स्टीलचं ताट घेतलं आणि पुढच्या खिडकीत उभी राहून उलथन्याने बडवायला लागले.

बाहेर रस्त्यावर माणसं रांगेने, गप्पा मारत, शांतपणे चालली होती. बाबागाड्या, कुत्री, काठ्या टेकत निघालेले म्हातारे. खिडकी बोटभर उघडून मी मराठीत ओरडले, "अहो, बाहेर काय फिरताय! आत या! आत या!"

त्या रांगेतून एक उंच, वाळकी म्हातारी बाजूला झाली आणि आमचं दार ठोठावायला लागली. मी उघडेना, ती थांबेना. शेवटी उघडलं. ही शेजारची मार्लीन, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिने माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, आत जाऊन गॅस बंद केला, तव्यावरची भाकरी उलटून बघितली आणि म्हणाली, "झालीये. चला."

चढ चढताना माझ्या हातात ताट तसंच होतं. अर्ध्या वाटेत मला सगळं उमगलं आणि मला इतकं हसू फुटलं की मार्लीनला वाटलं, हिला झटका आला. मग मी तिला बिबट्याचं सांगितलं. ती रस्त्यातच थांबली.

"बिबट्या? खरा? अंगणात?"

"अंगणात नाही, उसात. कधीमधी अंगणात."

"आणि तुम्ही तिथे राहता?"

"जमीन तिथे आहे. गाई आहेत. कुठे जाणार?" मी म्हटलं. "पण तुम्ही तरी या डोंगराखाली कशा राहता?"

"माझंही तेच," ती म्हणाली. "नवरा इथे पुरलाय, सफरचंदाची झाडं इथे आहेत. चाळीस वर्षं ही टेकडी चढतेय. मला लोक विचारतात, घर मजबूत आहे का? घर काही कामाचं नाही हो. घर सोडूनच पळायचंय. दार कोण वाजवणार, तेवढंच बघायचं."

मग तिने सांगितलं. त्यांच्या गल्लीत सगळ्यांनी दारं वाटून घेतली आहेत. भोंगा वाजला की प्रत्येकाने आपल्या वाट्याचं एक दार वाजवायचं, आणि माणूस बाहेर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. आमचं दार मार्लीनकडे होतं.

"आणि तुमचं?" मी विचारलं.

"माझं तुमच्या लेकीकडे. एरवी तीच येते. रात्री वादळात वीज गेली होती तेव्हाही आली होती, लेकराला खांद्यावर घेऊन." मग म्हणाली, "घर दुसऱ्या कुणी घेतलं तर ते वाजवतील की नाही, ठाऊक नाही. मी काही तुम्हाला आग्रह करत नाही."

मला माळीण आठवलं. तिथे कुणाला दार वाजवायला वेळच मिळाला नव्हता. मी चालत राहिले. वर टेकडीवर शाळेची पोरं आधीच पोचली होती. ईराने मला ताटासकट बघितलं आणि सगळ्या वर्गाला ओरडून सांगितलं, "ही माझी आजी!" मग पोरांनी ताट बडवायला मागितलं. चाळीस पोरं आणि एक ताट. मास्तरीण बिचारी हतबल. मी तिच्या जागी असते तर ताट जप्त केलं असतं.

त्या संध्याकाळी स्वातीला मी म्हटलं, "माझं हो आहे."

ती ओट्याला टेकून उभी होती. "आणि बाबांचं?"

"त्यांचं मी बघते."

बघते म्हणणं सोपं होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात मी राजुरीला परतले तेव्हा मालकांनी आधी बॅग आत घेतली आणि मग विचारलं, "न्हाय म्हनालीस ना?" मी सगळं सांगितलं, ताटाचं सुद्धा. ते हसले, पण मान काही हलेना. "दार वाजवून डोंगर थांबतो व्हय?" म्हणाले आणि धारेला गेले. त्यांची भीती मला दिसत होती. तिच्याशी मी भांडू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मार्लीनने दिलेला सफरचंदाचा जॅम घेतला आणि बांध ओलांडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सिअ‍ॅटलच्या अधिकाऱ्यापुढे घाबरले नव्हते, इथे घाबरले होते. शोभा धुणं वाळत घालत होती. मला बघून तिच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं.

"बाई? काय झालं? समदं बरं हाय ना?"

"बरं आहे," मी म्हटलं. "बांधाचं बोलायला आले नाही. बांध त्यांना बघू दे. भोंगा वाजला की मी ताट वाजवणार, तुला ऐकू आलं की तू वाजव. एकीचं वाजलं नाही तर दुसरीने माणसं पाठवायची. दार वाटून घेऊ आपण."

शोभा डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "मागल्या साली तुमची कालवड नेली ना, तवा मी दारात उभी व्हते. हाक मारावी वाटत व्हतं, पर तोंड उघाडलं न्हाय वो माझं."

मग चहा झाला. जॅम तिने भाकरीला लावून खाल्ला आणि म्हणाली, लई ग्वाड हाय, ठेचा पायजे संगं.

चारच दिवस गेले असतील. दिवस मावळायला मालक गोठ्यात होते आणि उसाकडचा भोंगा वाजला. आम्ही गाई कोंडल्या, दार लावलं, मी ताट बडवलं. थांबले. कान लावला. आणि बांधापलीकडून ताट वाजलं, ठण ठण ठण. मालक चमकून माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात उसावरून नामदेव भावोजींचा आवाज आला, अकरा वर्षांनी, पूर्वीसारखाच फाटका.

"दादा! आत हायेत का रं समदी?"

मालकांच्या हातात दावं होतं. ते खाली ठेवून ते खिडकीपाशी गेले, दोनदा खाकरले आणि ओरडले, "हाय रं, हाय! तुमी?"

"आमीबी!"

बस्स, एवढंच. बिबट्या कुठे गेला देव जाणे, भोंगा बंद झाला. मालक पलंगावर बसले. मग म्हणाले, "स्वातीला लाव फोन. तिकडं उजाडलं आसंल."

फोन लागला. ती झोपेतच होती, घाबरली. "बाबा, काय झालं?"

"काय न्हाय. त्या म्हातारीचं दार तुझ्याकडं हाय म्हनं."

"हो बाबा."

"मग ते सोडून कुटं जाऊ नको. घे घर." फोन माझ्याकडे देता देता त्यांनी परत कानाला लावला. "आन ऐक गं स्वाते. किचनला खिडकी हाय का?"

"आहे बाबा," पलीकडून ती म्हणाली. "डोंगर दिसतो तिच्यातून."

"दिसू दे," मालक म्हणाले. "ध्यान ठेव त्याच्यावर."